पेशीतल्या धाग्याचे राखणदार

आज आम्ही तुमच्याशी एका धाग्याबद्दल बोलणार आहोत. हा धागा तुमच्या-आमच्या अंगात आहे, शेतातल्या मक्यात आहे, गोठ्यातल्या गाईत आहे आणि चुलीपाशी झोपलेल्या मांजरातही आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण लागोपाठ मुली झाल्या, दिवस गेले आणि राहिले नाहीत, मूल इतरांपेक्षा वेगळं जन्मलं, की आपल्याकडे सगळा दोष बाईच्या पदरात टाकतात. ग्रहणात भाजी चिरली असेल, नको ते खाल्लं असेल, हिचा पायगुणच तसा, असं म्हणतात. यातल्या बऱ्याच गोष्टींचं खरं कारण या धाग्यात आणि त्याला सांभाळणाऱ्या प्रथिनांत सापडतं. ते कसं सापडलं, त्याचा हा इतिहास. त्यात बायांचा वाटा मोठा आहे, म्हणून तो आपण नीट ऐकून घेऊ.

आधी धागा म्हणजे काय ते पाहू. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक पेशींच्या मध्यभागी एक छोटी पिशवी असते, तिला केंद्रक म्हणतात. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले, तर त्यातल्या एका भागात मावेल, एवढीशी ती. तिच्यात डीएनए नावाचा धागा असतो. एका पेशीतले सगळे तुकडे टोकाला टोक लावून सरळ केले, तर तो जवळजवळ दोन मीटर भरतो, म्हणजे नऊवारी लुगड्याच्या पाव हिश्शाएवढा. त्याचे ४६ तुकडे असतात. प्रत्येक तुकडा प्रथिनांसह गुंडाळला की त्याला गुणसूत्र म्हणायचं. २३ आईकडून येतात, २३ बापाकडून.

प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ, अंडं, दूध आठवतं. ते खरंच आहे. खाल्लेल्या प्रथिनाचे सुटे भाग घेऊन आपलं शरीर स्वतःची हजारो प्रकारची प्रथिनं घडवतं. त्यातलीच काही केंद्रकात जातात. धागा गुंडाळणं, त्याची टोकं बांधणं, जोड्या धरून ठेवणं आणि तुटला तर डागडुजी करणं, ही त्यांची कामं.

पुवाच्या पट्ट्यांतून सुरुवात

ही गोष्ट १८६९ साली सुरू होते. जर्मनीतल्या टुबिंगन गावात फ्रीडरिश मीशर नावाचा एक तरुण स्विस डॉक्टर काम करत होता. त्याची प्रयोगशाळा एका जुन्या किल्ल्याच्या स्वयंपाकघरात होती. जवळच्या दवाखान्यातून तो जखमांच्या पुवाने भरलेल्या पट्ट्या मागवायचा. पुवात पांढऱ्या पेशी भरपूर असतात. त्या धुऊन, त्यांची केंद्रकं वेगळी करून त्याने एक पदार्थ काढला. तो तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याही प्रथिनासारखा नव्हता. त्यात फॉस्फरस बराच होता. मीशरने त्याला न्यूक्लिन म्हटलं. त्यालाच आज आपण डीएनए म्हणतो.

पंधरा वर्षांनी, १८८४ मध्ये, आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंसाचं रक्त तपासलं. माणसाच्या लाल पेशींत केंद्रक नसतं, पण पक्ष्यांच्या लाल पेशींत असतं. त्या केंद्रकांतून त्याला डीएनएला चिकटून राहणारं एक प्रथिन मिळालं. त्याने त्याला हिस्टोन हे नाव दिलं. धाग्याबरोबर राहणाऱ्या प्रथिनांशी विज्ञानाची ही सुरुवातीची ओळख. कोसेलला १९१० साली नोबेल पारितोषिक मिळालं. पण हिस्टोन नेमकं करतं काय, हे कळायला आणखी नव्वद वर्षं जायची होती.

मधल्या काळात शास्त्रज्ञांचा एक मोठा गैरसमज होता. प्रथिनं वीस प्रकारच्या मण्यांची असतात आणि डीएनए फक्त चार. मग आईबापांचे गुण मुलांत नेणारी वस्तू प्रथिनच असणार, असं बहुतेकांना वाटे. १९४४ साली ऑस्वाल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंतूंवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की गुण नेणारी वस्तू डीएनए आहे. तरी शंका राहिल्याच. १९५२ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी एक साधा प्रयोग केला. जंतूंना लागण करणारे विषाणू घेतले आणि स्वयंपाकघरात वापरतात तसल्या मिक्सरमध्ये ते मिश्रण फिरवलं. विषाणूंचं बाहेरचं प्रथिनाचं टरफल बाहेरच राहिलं, डीएनए आत गेलं. गुण नेतो तो धागा, हे बहुतेकांना पटलं. हर्शींना पुढे नोबेल मिळालं, मार्था चेस यांना नाही.

यानंतर प्रथिनांकडे थोडं दुर्लक्षच झालं. धाग्याचं महत्त्व एवढं वाढलं, की हिस्टोन म्हणजे नुसतं बांधायचं फडकं, असं अनेकांना वाटू लागलं.

रिळावरचा धागा

१९७४ साली हे चित्र बदललं. अमेरिकेत ओक रिज इथे एडा ओलिन्स आणि डोनाल्ड ओलिन्स हे पती-पत्नी काम करत होते. त्यांनी केंद्रकं फोडून आतला धागा मोठ्या ताकदीच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना दिसली मण्यांची माळ: दोरा, मणी, दोरा, मणी. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी त्या मण्याचा हिशोब मांडला. आठ हिस्टोन एकत्र येऊन एक रीळ बनतं आणि डीएनएचा धागा त्या रिळाभोवती गुंडाळलेला असतो. पुढे १९९७ मध्ये कॅरोलिन लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रिळाचं अगदी बारकाव्यांसह चित्र काढलं. धागा रिळाला पावणेदोन वेढ्यांच्या आसपास घेतो. एका पेशीत अशी सुमारे तीन कोटी रिळं असतात.

शिवणकाम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना यातली सोय सांगायला नको. सुटा दोरा डब्यात टाकला तर गुंता होतो आणि ओढताना तुटतो. रिळावरचा दोरा जागा कमी घेतो आणि हवा तेव्हा सोडता येतो. पेशीतही तसंच आहे.

पण रिळाचं काम एवढंच नाही. डोळ्याच्या पेशीत आणि पायाच्या तळव्याच्या पेशीत धागा एकच असतो, तरी दोघींची कामं वेगळी. कारण प्रत्येक पेशीत धाग्याचा वेगळा भाग उघडा असतो, बाकीचा घट्ट मिटलेला. ट्रंकेत रोजची लुगडी वर आणि लग्नातला शालू तळाशी ठेवतो, तसं. एडगर आणि एलेन स्टेडमन या दांपत्याने १९५० सालीच सुचवलं होतं, की हिस्टोन काही गुण दाबून ठेवत असावं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला व्हिन्सेंट ऑलफ्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हिस्टोनवर बारीक रासायनिक खुणा लागतात आणि काही खुणांमुळे घडी सैल होते.

घट्ट मिटलेल्या धाग्याचं एक उदाहरण तुमच्या घरातच असेल. काळी, तांबूस आणि पांढरी अशी तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे जुन्या बायांना ठाऊक असतं. मांजरीच्या काळ्या-तांबूस रंगाचा गुण एक्स नावाच्या गुणसूत्रावर असतो. मादीकडे एक्स दोन. १९६१ साली मेरी लायन या इंग्रज संशोधिकेने उंदरांच्या रंगांवरून मांडलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स मिटवून बंद केला जातो. कुठे काळ्याचा एक्स मिटतो, कुठे तांबूसचा, म्हणून अंगावर ठिगळं उमटतात. आपल्या, म्हणजे बायांच्या पेशींतही एक एक्स असाच मिटलेला असतो.

पदराच्या गाठी

आता धाग्याच्या टोकांकडे येऊ. ही कहाणी मक्याच्या शेतातली आहे. बार्बरा मॅक्लिंटॉक १९०२ साली अमेरिकेत जन्मल्या. त्यांनी उभं आयुष्य मक्याच्या अभ्यासात घालवलं. स्वतः मका लावायच्या, कणसाच्या दाण्यांवरचे रंग बघायच्या आणि मग त्याच झाडाची गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या लक्षात आलं, की गुणसूत्र तुटलं तर त्याचं तुटकं टोक चिकट होतं. दोन तुटकी टोकं एकमेकांना जुळतात. मग पेशीची विभागणी होताना तो जोड दोन्हीकडून ओढला जातो आणि पुन्हा भलत्याच जागी तुटतो. पुन्हा जुळतो, पुन्हा तुटतो. त्यातून पेशीचा सगळा हिशोब बिघडतो. पण जी टोकं मूळची आहेत, ती कधी अशी चिकटत नाहीत. म्हणजे मूळच्या टोकाला काहीतरी संरक्षण असलं पाहिजे. त्याच सुमारास हर्मन मुलर यांना फळमाशीत हेच दिसलं आणि त्यांनी टोकाला टेलोमिअर हे नाव दिलं.

साडीच्या पदराला आपण गाठी मारतो किंवा पिको करून घेतो, ते सूत उसवू नये म्हणून. टेलोमिअर म्हणजे तेच. ते संरक्षण काय आहे, हे कळायला पुढे चाळीसेक वर्षं लागली. एलिझाबेथ ब्लॅकबर्न मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या. त्यांनी जोसेफ गॉल यांच्याबरोबर डबक्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचा धागा तपासला. टोकाला तेच ते सहा अक्षरांचं वळण पुन्हा पुन्हा येतं, हे १९७८ मध्ये त्यांनी जाहीर केलं. पेशी दुभंगताना हे टोक दरवेळी थोडं झिजतं. १९८४ च्या नाताळच्या दिवशी त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर प्रयोगशाळेत गेली आणि झिजलेलं टोक पुन्हा विणणाऱ्या पदार्थाची पहिली खूण तिला दिसली. त्याला पुढे टेलोमरेज म्हणू लागले. शिवाय सहा प्रथिनांचा एक गट टोकाला झाकून बसतो, हेही नंतर कळलं. तो नसेल तर पेशीला वाटतं, की धागा इथे तुटलाय, आणि ती भलतीकडेच जोडू बघते.

मॅक्लिंटॉक यांना १९८३ साली, ८१ व्या वर्षी, नोबेल मिळालं. ते मुख्यतः त्यांच्या दुसऱ्या शोधासाठी होतं: धाग्याचे काही तुकडे जागा बदलतात, या शोधासाठी. ब्लॅकबर्न आणि ग्रायडर यांना जॅक शोस्टाक यांच्यासह २००९ मध्ये मिळालं. नोबेलचा फोन आला तेव्हा ग्रायडर घरातले कपडे धूत होत्या.

इथे एक काळजीची गोष्ट सांगतो. बहुतेक कर्करोगांच्या पेशी टेलोमरेज चालू करून घेतात आणि थांबायचं नाव घेत नाहीत. धागा तुटण्याची आणि चुकीचा जुळण्याची सुरुवात कशाने होते, त्यातली काही कारणं आपल्या हातातली आहेत. मिश्री आणि तंबाखूतली द्रव्यं धाग्याला इजा करतात. पेशीतली प्रथिनं रोज डागडुजी करतात, पण रोजच इजा झाली तर काही ठिकाणं सुटतात. तोंडातली न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर थांबू नका, आरोग्य केंद्रात दाखवा.

मुलगी कुणामुळे

नेटी स्टीव्हन्स या शिक्षिका होत्या. पगारातून पैसे साठवून त्या वयाच्या पस्तिशीत विद्यापीठात शिकायला गेल्या. १९०५ साली त्यांनी पिठात होणाऱ्या एका किड्याची गुणसूत्रं मोजली. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रं होती, नराच्या पेशीत १९ मोठी आणि एक अगदी छोटं. मादीच्या सगळ्या अंड्यांत मोठंच गुणसूत्र जातं, नराच्या निम्म्या बीजांत मोठं आणि निम्म्यांत छोटं. छोटं आलं की नर होतो. एडमंड विल्सन यांनीही त्याच सुमारास असंच काही मांडलं होतं. माणसातही असंच आहे. आईकडून नेहमी एक्स येतो. बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा.

म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं शंभर वर्षांपूर्वीच खोटं ठरलं आहे. बापालाही बोल लावायचं कारण नाही, कारण कुठलं बीज पोचेल हे त्याच्याही हातात नसतं. पुढे विज्ञानाचा उलटा वापर झाला, पोटातला जीव मुलगी आहे का हे बघून गर्भ पाडले गेले. त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ मध्ये आला.

जोडी धरून ठेवणारं कडं

शेवटची गोष्ट पॅरिसची. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे डोळे थोडे तिरके, अंग सैल असतं, शिकायला वेळ लागतो. हे कशामुळे होतं ते कुणाला माहीत नव्हतं. मार्थ गोतिए या मुलांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी दवाखान्यातल्या एका कोपऱ्यात पेशी वाढवायची सोय उभी केली. पेशींना लागणाऱ्या द्रवासाठी त्यांनी स्वतःचं रक्त काढून वापरलं. या मुलांच्या पेशींत त्यांना ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं दिसली. चांगले फोटो काढायची सोय त्यांच्याकडे नव्हती. सहकारी झेरोम लेज्यून फोटो काढायला पेशींच्या काचा घेऊन गेले. १९५९ मध्ये निबंध छापून आला, त्यात लेज्यून यांचं नाव पहिलं होतं आणि गोतिए यांचं नाव चुकीचं छापलेलं. त्यांची बाजू जगासमोर नीट यायला पन्नास वर्षं लागली.

जास्तीचं गुणसूत्र २१ व्या जोडीचं असतं. ते येतं कसं? इथे पुन्हा प्रथिन येतं. मुलीची अंडी ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती, तेव्हाच तुमचं अंडं तयार झालं होतं. त्या अंड्यात गुणसूत्रांच्या जोड्या कोहेसिन नावाच्या प्रथिनाने कड्यासारख्या धरून ठेवलेल्या असतात. १९९७ च्या सुमारास यीस्टवरच्या अभ्यासातून हे प्रथिन ओळखलं गेलं. कडं वेळेआधी सुटू नये म्हणून आणखी एक प्रथिन पहारा देतं. जपानी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये त्याला शुगोशिन नाव दिलं, म्हणजे राखणदार दैवत. कोकणातल्या मैत्रिणींना वेगळं समजवायला नको.

ही कडी वीस, तीस, चाळीस वर्षं टिकायची असतात. उंदरांवरच्या २०१० च्या अभ्यासांत दिसलं, की वय वाढतं तशी कडी कमी होत जातात. मग अंडं पक्व होताना जोडी नीट सुटत नाही, एका अंड्यात एक गुणसूत्र जास्त जातं. म्हणून आईच्या विशीत सुमारे दीड हजार बाळांत एकाला डाउन सिंड्रोम असतो, तर चाळिशीत सुमारे शंभरांत एकाला. तरीही अशी बरीच मुलं तरुण आयांनाच होतात, कारण मुळात बाळंतपणंच त्या वयात जास्त असतात. काही वेळा जास्तीचं गुणसूत्र बापाच्या बीजातूनही येतं. थोड्या घरांत कारण वारशाने येणारं असतं, म्हणून डॉक्टर आई-वडील दोघांचीही रक्ततपासणी सांगतात. ती दोघांनी करावी.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ पडतात, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या किंवा बांधणी चुकलेली असते. त्यात ग्रहण नाही, पायगुण नाही, कुणाची नजर नाही. बाईने काही केलं म्हणून ते कडं सुटलेलं नसतं. पण पुन्हा पुन्हा गर्भ पडत असेल तर दुसरीही कारणं असू शकतात, त्यातली काही बरी होतात. म्हणून तपासणी हवीच.

ज्या घरात असं मूल आहे, तिथे लवकर सुरुवात फार उपयोगी पडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, त्यांच्या तपासणीच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. अशा मुलांत हृदयाचे दोष बऱ्याचदा असतात, ते वेळीच तपासून घ्यावे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्यावं. मुलाला घरात लपवू नये, इतर मुलांत मिसळू द्यावं. ती चालतात, बोलतात, शिकतात, कामही करतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो.

येत्या बैठकीत आपल्या गटात तीन गोष्टींवर बोला. आपल्या गावात मुली झाल्या म्हणून कुणाला त्रास होतोय का? गर्भ पडल्यावर एखादीला तपासणीऐवजी उतारा आणि उपास सांगितला गेलाय का? गावात एखादं मूल असं आहे का, ज्याला अंगणवाडीत आणलं जात नाही? उत्तर हो असेल, तर दोघी-तिघींनी मिळून त्या घरी जा. आशाताईंना बरोबर घ्या. सासूबाई आणि त्या बाईचा नवरा घरी असतील अशा वेळी जा, म्हणजे ही माहिती तिघांच्याही कानावर एकाच वेळी पडेल.